हरलेल्या गावाची तिरडी

आमच्या गावात फुटबॉल बाबांनी आणला नाही. तो त्यांच्या आधीपासून होता. पनवेलला शिकायला गेलेल्या कुणीतरी कधीतरी चेंडू आणला, आणि मग भात कापून झालं की रिकाम्या खाचरांत पोरं खेळत राहिली. बाबांनी आणलं ते ओरडणं. म्हणजे बघणाऱ्यांनी कसं ओरडायचं, कुठला रंग लावायचा, काय उधळायचं, हरलेल्याची कशी जिरवायची, हे सगळं. आज घरात टीव्हीवर मॅच लागते, कॅमेरा गर्दीवर जातो, सगळे कौतुकानं बघत बसतात आणि मी उठून स्वयंपाकघरात जाते. सुनेला वाटतं, सासूबाईंना फुटबॉलमधलं काही कळत नाही. मला चांगलं कळतं. ऑफसाइडसुद्धा कळतो. मला ती गर्दी बघवत नाही, एवढंच.

बाबा मालवाहू जहाजावर खलाशी होते. सत्तरच्या दशकात ते वर्षातले बरेचसे महिने समुद्रावर असत. उतरत तेव्हा पेटीत परदेशी साबण, आईसाठी नायलॉनची साडी आणि डोक्यात गोष्टी असत. बाकीच्या खलाशांच्या गोष्टी वादळांच्या आणि बाटल्यांच्या. आमच्या बाबांच्या गोष्टी फुटबॉलच्या. कुठल्याही बंदराला जहाज लागलं की हे तिथलं मैदान शोधत निघायचे. भाषा येत नसे. समोर दिसेल त्या माणसाला बोटानं विचारायचे, तुझा रंग कुठला, आणि त्याच्याच शेजारी बसून त्याच्या रंगासाठी नरडं फाडायचे.

संध्याकाळी पडवीत माणसं जमायची. बाबा पाय पसरून बसायचे आणि जग सांगायचे.

"इस्तंबूलला तं खाडीच हाय, आपल्यासारकी. या काठाव एक टीम, त्या काठाव दुसरी. लोकं बोटीनं येतात, गात गात. हरली का त्याच बोटीनं तोंड पाडून जातात."

इंग्लंडमधल्या एका बंदरात म्हणे दोन क्लबांची मैदानं एकाच बागेच्या दोन बाजूंना होती, आणि एकाच घरात एक भाऊ लाल तर दुसरा निळा. शनिवारी एकमेकांच्या अंगावर धावून जातात आणि रविवारी एका टेबलावर जेवतात, असं बाबा सांगायचे. ते कधी कुणाच्या घरी रविवारी जेवायला गेले होते का, हे कुणी विचारलं नाही. माझ्याही डोक्यात तेव्हा ते आलं नाही. मला त्यांचा फार अभिमान होता. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून ते कुणाला खरं वाटायचं नाही.

आमचं गाव उलव्याच्या बाजूला, खाडीला लागून. बांधाच्या दुसऱ्या टोकाला दुसरं गाव. दोन्ही गावं एकाच जातीची, एकाच बोलीची, एकाच देवीला कोंबडं कापणारी, आणि तरी एकमेकांना पाण्यात पाहणारी. भांडण मासळीचं होतं. बांधाला पाणी सोडायचा दरवाजा असतो, त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडीच्या तोंडाशी जाळं लावलं की मासळी आयती मिळते. ते जाळं कुणी लावायचं यावरून आजोबांच्या लहानपणापासून डोकी फुटत आलेली. पण म्हणून सोयरीक कधी थांबली नाही. भांडायलाही माणसं ओळखीची लागतात.

मग नवं शहर होणार असं ठरलं. सरकारनं जमिनी घेतल्या, पण शहर काही लगेच आलं नाही. वाशी-बेलापूरकडे इमारती उठल्या. आमच्याकडे नुसत्याच खुणेच्या खुंट्या. पेरायचं नाही आणि बांधायला कुणी येत नाही, अशी ती खाचरं पडून राहिली. दोन्ही गावांच्या पोरांनी मधले बांध फोडले, मिठागरातल्या लाकडी फळीनं माती चोपून घेतली आणि एक मैदान केलं. ते एकच काम मी दोन गावांनी मिळून केलेलं पाहिलं. त्यावर दरवर्षी माघात सामने व्हायचे आणि शेवटचा सामना बहुतेक याच दोन गावांत लागायचा.

सामन्यानंतरची एक रीत होती. जिंकलेलं गाव वाजतगाजत हरलेल्या गावातून फिरायचं. त्या गावात आपल्या ज्या लेकी दिलेल्या असतील त्यांच्या प्रत्येकीच्या दारापुढे थांबायचं. लेकीनं बाहेर यायचं, पाणी आणि गूळ द्यायचा. तिचं सासर हरलेलं असायचं, घरातले पुरुष आत तोंड लपवून बसलेले असायचे, आणि ही दारात उभी राहून माहेरच्यांना गूळ वाटायची. दोन्हीकडचे तिला चिडवायचे आणि तिला दोन्हीकडून बरं वाटायचं. सामन्यावरून मारामारी कधी झाली नाही ती या लेकींमुळे, असं आजोबा म्हणायचे.

बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, त्याच गावात दिलेली. बांध संपून गाव सुरू होतं तिथलंच पहिलं घर तिचं. त्यामुळे पहिला गूळ कायम तिचा. जीभ तिची भलती तिखट. बाबांना दारात बघितलं की म्हणायची, "माजं सासर हरवलास आन् माज्याच दारान गूळ मागतंस? लाज वाटते काय?" आणि गुळाचा सगळ्यात मोठा खडा त्यांच्याच तोंडात कोंबायची. त्यांची आई लवकर गेली होती. आत्यानंच बाबांना कडेवर वाढवलेलं. बाबा परदेशातून आले की आधी तिच्याकडे साबण पोचायचा, मग आमच्याकडे.

गुडघा दुखावल्यामुळे बाबांनी जहाज सोडलं आणि ते कायमचे घरी आले. तेव्हापासून गावाच्या फुटबॉलला परदेशी वारं लागलं. आधी रंग ठरला. अर्जेंटिनातल्या एका क्लबाला म्हणे आपला रंग ठरवता येईना, तेव्हा ते बंदरावर जाऊन उभे राहिले आणि पहिलं जे जहाज आलं त्याच्या निशाणाचा रंग घेतला. बाबांनी गावच्या टीमला खाडीवर नेऊन उभं केलं. आलं विटांचं गलबत. त्यावर निशाण नव्हतंच, डोलकाठीला कुणाची तरी जांभळी लुंगी वाळत होती. शब्द म्हणजे शब्द. त्या वर्षापासून आमच्या गावाचा रंग जांभळा.

मग कागद. अर्जेंटिनात मैदानावर कागदाच्या चिटोऱ्यांचा पाऊस पाडतात, म्हणून आमच्याकडे बायकांनी दुपारभर बसून रद्दी आणि जुनी पंचांगं फाडली. पहिल्याच गोलला ती उधळली. खाडीवरच्या वाऱ्यानं सगळं उचलून शेजारच्या मिठागरात नेऊन टाकलं. मिठागरवाला मीठ घेऊन आमच्या दारात. मिठाला पंचांगाची शाई लागलेली. बाबांनी त्याला हसत चहा पाजला. आईनं त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं, "तिकडचं तिकडं ठेवा. आपल्याला नाय झेपायचं." बाबांनी ते हसण्यावारी नेलं, आणि आम्हीही हसलो.

तिरडीची गोष्ट ब्राझीलमधली. तिथल्या एका बंदरात बाबांनी पाहिलं होतं, जिंकलेल्या क्लबाची माणसं हरलेल्या क्लबाची शवपेटी घेऊन निघाली होती. पेटीवर हरलेल्यांचा रंग, पुढे मेणबत्त्या, खोटा पाद्री, खोट्या रडणाऱ्या बायका. अख्खा रस्ता हसत होता. "हरलेले पन हसत होते, आयशपथ," बाबा सांगायचे. आज मला वाटतं, बाबांनी पाहिली ती संध्याकाळ. सकाळी जहाज सुटायचं. जगभरची भांडणं त्यांनी पाहिली, पण त्यांतल्या एकाचीही दुसरी सकाळ पाहिली नाही. हे शहाणपण मला आत्ता सुचतं. तेव्हा ती गोष्ट मी मैत्रिणींना कॉलेजात रंगवून सांगायची.

त्या वर्षी, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या मध्याला, आजोबा थकत चालले होते. पावसाळ्यानंतर त्यांचं दोनदा फार जास्त झालं. दोन्ही वेळा आत्याला निरोप गेला, दोन्ही वेळा ती हातातलं टाकून बांधावरून पळत आली आणि दोन्ही वेळा आजोबा उठून बसले. दुसऱ्या वेळी तर म्हणाले, "परत आयलीस? तुझे घरान काय काम नाय काय?" ती हसली, पण तिनं धसका घेतला होता तो घेतलाच. बांधावरून कुणी घाईनं येताना दिसलं की ती दारात येऊन उभी राहायची. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. बाबांना तर सगळ्यात जास्त.

आमचं गाव तीन वर्षं लागोपाठ हरलं होतं, त्यामुळे त्या वर्षीचा सामना जिंकल्यावर माणसं वेडी झाली. मी मैदानावर नव्हते. आईला मॅच बघायची होती म्हणून आजोबांपाशी मी थांबले होते. पुढचं दहा तोंडांनी ऐकलेलं आहे, पण दहाही तोंडं एकच सांगत होती आणि सांगताना एकही वर बघत नव्हतं.

तिरडी आधीच बांधून ठेवली होती. पेटी आपल्याकडे कुठली, आपल्याकडे बांबू. पेंढ्याचा माणूस केला, त्याला त्या गावाच्या टीमची हिरवी बनियन घातली, डोक्याच्या जागी चेंडू, आणि वरून पांढरं कापड. बेत असा, की वाजंत्री न वाजवता गप्प जायचं, गावाच्या मधोमध पोचायचं, तिथं कापड ओढायचं आणि मग एकदम ढोल. तोवर कुणी हसायचं नाही. सगळं जमलं, आणि मग प्रश्न आला की मडकं कोण धरणार. तिरडीपुढे विस्तवाचं मडकं घेऊन मुलगा चालतो. ज्यांचे वडील होते ते मागे सरले आणि ज्यांचे नव्हते तेही मागे सरले. थट्टा कितीही मोठी झाली तरी हाताला ते कळत होतं. तेव्हाच घरी यायला हवं होतं सगळ्यांनी.

बाबा हसले. "अरे, खेल हाय तो खेल," म्हणाले. त्यांनी सदरा काढला, खांद्यावर पंचा टाकला आणि मडकं उचललं.

दोन्ही गावांचं मसण एकच आहे, खाडीच्या कडेला, आत्याच्या गावापलीकडे. आमच्या गावात कुणी गेलं की तिरडी त्याच बांधावरून, आत्याच्या दारावरूनच जाते. एवढी साधी गोष्ट, पण त्या घोळक्यातल्या एकाच्याही लक्षात आली नाही. की आली आणि कुणी बोललं नाही, ते मला अजून ठाऊक नाही.

आत्याला कुणीतरी पुढे पळत येऊन सांगितलं होतं, की तुझं माहेर जिंकलं. ती तांब्या आणि गुळाची वाटी घेऊन दारात उभी. बांधावर माणसं दिसली, पण वाजंत्री नाही. आवाज नाही. माना खाली. मग पांढरं कापड दिसलं, धूर दिसला, आणि मडकं धरलेला माणूस जवळ आला तेव्हा दिसलं की तो आपला भाऊ आहे.

आमच्याकडे लहान पोरालाही विचारा, मडकं कोण धरतो आणि कुणासाठी. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती. तांब्या पडला. ती "बाऽ" म्हणून जी ओरडली ती मैदानावर मागे राहिलेल्या बायकांनी ऐकली. बाबा "अगो थांब, थांब" म्हणत राहिले, पण हातात मडकं, ते टाकताही येईना. ती तिरडीवर पडली. मना न सांगताच गेलास, मना तोंड पन नाय दावलास, म्हणत तिनं दोन्ही हातांनी कापड ओढलं. तिला वडिलांचा चेहरा बघायचा होता. खाली चेंडू होता.

कुणीतरी मागे हसलं म्हणतात. बेत तसाच होता ना, कापड ओढलं की हसायचं. तो बिचारा मागे होता, त्याला पुढचं दिसलं नव्हतं.

आत्या बराच वेळ चेंडूकडे बघत बसली. मग उठली. भावाकडे तिनं पाहिलंही नाही. "मना बाला बगायचाय," एवढंच म्हणाली आणि बांधावर चालायला लागली. तिच्या गावची माणसं वाटेत उभी होती. मडकं बघून त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या. आमच्या जिंकलेल्या गावानं तिरडी तिथंच बांधाच्या कडेला टाकली आणि आत्याच्या मागून माघारी निघालं. कुणाला काही सुचेना म्हणून सगळे नुसते चालत होते, आणि बाबा त्यांच्या पुढे.

मी आजोबांना ओटीवर बसवून पेज भरवत होते. आधी मला आत्या दिसली, केस सुटलेले, पाय चिखलानं भरलेले. मला वाटलं, तिच्या घरी काहीतरी झालं. तिनं येऊन आजोबांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, गालांवरून, कपाळावरून हात फिरवला आणि त्यांच्या मांडीवर डोकं टाकून रडायला लागली. रडणं असं, की थोपवता येईना. आजोबा तिच्या केसांवर हात ठेवून विचारत होते, "कोन गेला? अगो, बोल ना, कोन गेला?"

तेवढ्यात वळणावर बाबा आले. उघडे, खांद्यावर पंचा, हातात मडकं, त्यातून अजून धूर. मागे सगळं गाव, गप्प.

आजोबांनी स्वतः त्यांच्या वडिलांसाठी तसंच मडकं धरलं होतं. त्यांनी मुलाकडे बघितलं, मग मांडीवरच्या मुलीकडे, मग पुन्हा मुलाकडे. ते शांतपणे म्हणाले, "मंग मीच काय?"

माझ्या आयुष्यात मला पुष्कळदा लाज वाटली आहे, पण त्या दिवसासारखी कधी नाही. तोंड लपवावंसं वाटलं, आणि हातात पेजेची वाटी. गावातली मोठमोठी माणसं, ज्यांना मी काका-मामा म्हणायची, ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी होती. बाबांचे ओठ हलत होते, पण "खेल होता" हे दोन शब्द त्यांच्या तोंडातून निघेनात. शेवटी मदतीला आले तेही आजोबाच. त्यांनी आत्याच्या पाठीवर थोपटलं. "आयलीस तं रडून घे, बाय. मंग मना आयकाला नाय मिलनार."

आईनं पुढे होऊन बाबांच्या हातातलं मडकं घेतलं आणि परसात नेऊन ओतलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती बाबांना ताट वाढायची आणि बोलायची नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या गावचे चार वडीलधारे आले. आम्हाला वाटलं, आता होणार भांडण. झालं असतं तर बरं झालं असतं. ते नारळ घेऊन आले होते. आजोबांच्या पायाशी बसले, तब्येत विचारली, यंदा उघाडीला मासळी कशी आहे ते बोलले, चहा प्यायले आणि गेले. सामन्याचा शब्द नाही, तिरडीचा नाही. बाबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. चहाचे कप उचलताना मला त्या माणसांकडे बघवेना.

मग एकदा बाबा एकटेच आत्याकडे गेले, माफी मागायला. परत आले तेव्हा आईनं न राहवून विचारलं, काय बोलली. बाबा म्हणाले, काहीच नाही. तिनं पाणी दिलं, वाटीत गूळ दिला, समोर ठेवला आणि आत निघून गेली. जिंकलेल्या गावाला देतात तसा. बाबांनी तो गूळ खाल्ला का, हे विचारायची आईची हिंमत झाली नाही.

आत्या आजोबांसाठी येत राहिली. पण परसातून यायची, आजोबांपाशी बसायची आणि परसातूनच जायची. बाबा समोर आले तर पदर सावरायची, परक्या पुरुषासमोर सावरतात तसा. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर तिच्या जिभेनं बाबांचं काय केलं असतं ते आम्हाला ठाऊक होतं. बाबांना तेच हवं होतं. ते मुद्दाम तिच्या वाटेत घुटमळायचे, एक तरी शिवी पदरात पडावी म्हणून. ती "बरा हायस ना?" म्हणायची आणि पुढे जायची.

गावात फुटबॉल थांबला नाही. जांभळा रंगही राहिला. तिकडे मेक्सिकोत वर्ल्ड कप झाला, बेलापूरला कुणाकडे टीव्ही होता तिथं जाऊन पोरं मॅच बघून आली आणि बाबांना विचारायला आली, की तुम्ही अर्जेंटिनाला गेला होतात ना. बाबा म्हणाले, "जहाज लागलं होतं. मी उतरलो नव्हतो."

आजोबा त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेले. सकाळी, झोपेतच, कुणाला त्रास न देता. आत्याला सांगायला कोण जाणार, यावर घरात बोलणं झालंच नाही. बाबा जाऊ शकत नव्हते. गावातला कुणी जाईना. मी पायात चपला सरकवल्या आणि निघाले.

आत्या ओट्यावर सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. मला बघून हसली. मी म्हटलं, "आत्या, आजोबा गेले." तिचे हात थांबले नाहीत. तांदूळ सुपात वर जात होते आणि खाली येत होते. ती माझ्या मागे बांधाकडे बघत होती, आणखी कोण येतंय का ते. मग तिनं विचारलं, "कोन जिंकला?"

मला वाटलं होतं, मी सांगेन आणि ती रडेल, मी तिला धरेन. तिच्यासमोर उभं राहून वडील खरंच मेले असं पटवून द्यावं लागेल हे माझ्या मनात नव्हतं आलं. मी सख्खी भाची. लहानपणी तिच्या मांडीवर झोपलेली. आणि शपथ कुणाची घालायची तेही मला कळेना. मी म्हटलं, "आत्या, आज मॅच नाय." तेवढंच म्हणता आलं, आणि मीच रडायला लागले.

मग तिनं सूप खाली ठेवलं.

बांधावरून ती माझ्या पुढे चालत होती. आमच्यात रीत अशी, की माहेरी माणूस गेलं की लेकीचा हंबरडा वेशीपासून ऐकू यावा. बायका ओटीवर त्यासाठीच कान देऊन बसल्या होत्या. आत्या गप्प आली, गप्प पायऱ्या चढली, आजोबांच्या उशाशी बसली आणि त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले. डोळे कोरडे. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "लेक हाय, आन् डोल्यान टिपूस नाय." ते सगळ्यांनी ऐकलं.

बाबांनीही ऐकलं. ते दारात उभे होते. त्यांनी बहिणीकडे बघितलं आणि एकदम, लहान पोर रडतं तसे मोठ्यानं रडायला लागले. आमच्या गावात पुरुष असे रडत नाहीत. सगळे त्यांच्याकडे वळले. आत्यानंही मान वर केली. ती त्यांच्याकडे नीट बघत राहिली, मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली,

"ह्यो खरा रडतं काय गो?"

मी हो म्हटलं. पण म्हणायला मला थोडा वेळ लागला, आणि तेवढा वेळ बाबा माझ्याकडे बघत होते.